पुरात निगेटिव्ह वाचवणाऱ्यांचे मनापासून आभार

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुरुंदवाडच्या आमच्या स्टुडिओत पाणी शिरलं. वडिलांचा सागवानी प्लेट कॅमेरा डोक्यावर घेऊन माडीवर नेणारी पोरं कोण होती, आजही ठाऊक नाही. पाणी ओसरल्यावर आलेल्या त्या दोन ताईंचे तर किती आभार मानू! ओल्या निगेटिव्ह तशाच वाळल्या की एकमेकींना चिकटतात, मग सोडवताना चित्राचा थरच निघतो. ताईंनी एकेक पट्टी स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुतली, चिमटे लावून दोरीवर टांगली. गावातली कितीतरी लग्नं, बारशी त्यांच्यामुळे शाबूत राहिली. आमचा यशिका कॅमेरा अजून उत्तम चालतोय. तुम्ही सगळे सहकुटुंब या, त्याच्यावर तुमचा फोटो काढायचाय.