ताई, त्या खोडलेल्या ओळीसाठी थँक्यू

ताई, समोर बोलायला जमलं नसतं म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना दिसेल असंच लिहितोय, कारण सीएसएसमध्ये (वेबपेजचं रंगरूप ठरवणारी भाषा) माझ्यासारखे अडकलेले अजून बरेच असतील.

जॉइन होऊन दुसराच आठवडा, साडेसात हजार ओळींची एकच फाइल आणि काम काय तर फॉर्मचं बटण हिरवं करायचं. मी रंग लिहितोय, सेव्ह करतोय, रिफ्रेश करतोय, बटण आपलं निळंच. शेवटी इम्पॉर्टंट (ओळीला बाकी रूल्सवर जिंकवणारी खूण) लावलं तर लॉगिनचं बटणपण हिरवं झालं. तू खुर्ची ओढून बसलीस, ते इम्पॉर्टंट काढलंस, ब्राउझरचं इन्स्पेक्ट (कुठले रूल लागलेत ते दाखवणारं) उघडलंस आणि माझी ओळ दाखवलीस, वर आडवी रेघ मारलेली. "ओळ चुकली नाहीये, हरलीये. कोणाकडून हरली ते बघ." वरच एक आयडीवाला (पानावरच्या एकाच घटकाला दिलेलं नाव) रूल होता. मग कागदावर तीन खाने पाडलेस, आयडी, क्लास (अनेक घटकांना देता येणारं नाव), टॅग (घटकाचा प्रकार). रूलमध्ये हे किती आहेत ते डावीकडून मोजायचं, एका आयडीपुढे दहा क्लासही कमी पडतात, आणि बरोबरी झाली तर जो रूल नंतर लिहिलाय तो जिंकतो. एवढं मला आधी वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं गं!

नंतर ती फाइल आपण फोडली. रंग आणि स्पेसिंग व्हेरिएबलमध्ये (एकदाच लिहून सगळीकडे वापरायची किंमत), एका कंपोनंटला (पानाचा एक भाग) एक फाइल, स्टाइलसाठी आयडी बंद, नावं बेम या नावं द्यायच्या पद्धतीने, म्हणजे कार्ड आणि त्यातलं कार्ड-दोन-अंडरस्कोर-टायटल. यांडेक्स या रशियन कंपनीवाल्यांची ही पद्धत मला आधी लांबलचक वाटायची, पण आता नाव वाचलं की ते कुठलं आहे लगेच कळतं. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये लेयर (रूल्सचे वरखाली थर, वरचा जिंकतो) चालतात, त्यामुळे जुना पसारा खालच्या लेयरमध्ये टाकून नवीन काम सुरू करता आलं, हे तर मला फारच आवडलं.

आणि एक, सर्चमध्ये सापडला नाही म्हणून मी एक क्लास उडवला, तो जावास्क्रिप्टमध्ये "स्टेटस-" ला शब्द जोडून तयार होत होता, पेंडिंग ऑर्डरचे रंगच गेले. तू ओरडली नाहीस, रात्री नऊपर्यंत थांबून सोबत शोधलंस. ते मी विसरणार नाही.

परवा मोजलं, २१२ इम्पॉर्टंट होते, आता नऊ राहिलेत. त्यातले सहा बाहेरच्या चॅट विजेटच्या इनलाइन (थेट घटकावरच लिहिलेल्या) स्टाइलसाठी लागतातच, तिथे तू सांगितलंस तशी कारणाची कॉमेंट लिहिलीये. उरलेले तीन शनिवारी बघतो.