दिवाडी बेटावरून आल्यावर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "गोव्याला जाऊन समुद्र नाही बघितलात?" आणि तेवढ्यात तुझं लेक्चर सुरू झालं. म्हणून सविस्तर लिहिते.

समुद्रावर आम्ही गेलोच नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट धरली आणि मांडवीतल्या दिवाडी बेटावर उतरलो. पायी जाणाऱ्याला तिकीटसुद्धा पडत नाही. धक्क्यापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये पांढरे बगळे, आणि समोर टेकडीवर पिएदादचं चर्च. सगळ्याजणी बडबड थांबवून बघत राहिलो. आमच्या घोळक्यात हे किती दुर्मिळ, ते तुला माहीत आहे! राहायला जुनं कौलारू घर मिळालं होतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मग ऊन चढेपर्यंत बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, नुसत्या गप्पा. इतकी वर्षं प्रत्येकीला घरचं काही ना काही होतं. यंदा कुणालाच घड्याळ बघायचं नव्हतं. फार बरं वाटलं रे.

पण तुला लिहायचंय ते बांधाबद्दल. तू सिव्हिलचा विद्यार्थी, तुला हे कळायलाच हवं. तिथल्या शेताला खाजन म्हणतात. जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि नदी खारी. चिकणमाती, पेंढा आणि चिरे घालून बांध रचलेत, आणि खाडीच्या तोंडाशी मानस, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत बसवलेली जाड लाकडी दारं. भरती आली की बाहेरचं पाणी दाराला रेटतं आणि दार आपोआप घट्ट बसतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. मोटर नाही, वीज नाही. पावसाचं गोडं पाणी शेतातला खार धुऊन काढतं, तेव्हा कुठे भात पेरतात. कोरगुट नावाचा तांदूळ उरलेला खार सोसतो. मानसापाशी जाळं लावून मासे आणि कोळंबीही धरतात. शतकानुशतकं हे असंच चालत आलंय.

एक आजोबा बांधावरून रोजची फेरी मारत होते. मध्येच थांबून त्यांनी पायाच्या अंगठ्याने गवत बाजूला केलं, तर रुपयाएवढं भोक! कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं. खाली वाकून ओल्या चिखलाचा गोळा आत कोंबला, टाचेने दाबला, वर एक चिरा ठेवला आणि पुढे निघाले. असं एक भोक राहून गेलं तर भरतीचं पाणी तिथूनच वाट काढतं आणि अख्खं शेत खारं होतं. मग पुढची काही वर्षं त्यात पीक येत नाही. पूर्वी बांधाची काळजी गावकरी वाहायची, म्हणजे गावाची सामाईक संस्था. कूळकायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे गेलं. आता घरोघरची मुलं बाहेरगावी, काही शेतं पडीक दिसली. मला ते बघवेना. इतकी शहाणी व्यवस्था, आणि ती टिकवायला माणसंच कमी.

आणखी एक. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. आम्ही दुसऱ्या फेरीबोटीने पलीकडे जाऊन दर्शन घेतलं. गाभाऱ्यासमोर उभी असताना तुझ्या आजोबांची फार आठवण आली.

तुम्ही मित्र डिसेंबरात गोव्याला जायचं म्हणताय. माझं ऐक, पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात जा. डिसेंबरात भात कापून झालेलं असतं. वही बरोबर ने, मानसाचं चित्र काढ, बिजागरी कशी बसवलीय ते मापं घेऊन लिहून ठेव. बांधावरच्या त्या आजोबांना विचारशील तर ते सगळं सांगतील, मात्र "आजोबा" म्हणून नीट विचार. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा. ओहोटी चांगली लागली की दार उघडताना दिसेल. आणि मानसापाशी कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. तिथली ओढ फार जबर असते.

तुझी,
आई