जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला कळवायचे ते नेमके

संपादक महोदय,

रेडिओवरील जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाला ‘फार छान, आवडले’ एवढेच कळवले तर निर्मात्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रसारणाची तारीख, वेळ, गाण्याचा मुखडा लिहावा आणि मग काय खटकले ते. ‘गाणे मध्येच कापले’ ही तक्रार नेहमीची. पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. चित्रपटात ऐकलेले कडवे तबकडीवर मुळातच नसू शकते. निवेदकाने तसे आधीच सांगावे.

वेगाची चूक मात्र गंभीर. तबकडी ७८ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरली, की सूर जवळजवळ पाव स्वराने चढतो, गायकाचा भरदार आवाज पातळ होतो. पेटी घेऊन ताडून पाहावे. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकत असेल तर शंका घ्यायला जागा आहे, अवश्य कळवावे.

आणि सुरुवातीच्या वाद्यमेळावर निवेदकांनी कृपया बोलू नये. तोही गाण्याचाच भाग आहे, संगीतकाराने तितक्याच जिवापाड रचलेला. गायकासोबत गीतकार, संगीतकाराचे नावही घ्यावे, तेही गाणे वाजण्याआधी.

– एक नियमित श्रोता