वृद्ध पक्षकारांची साक्ष आधी नोंदवा

महोदय,

माझ्या आईने माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून 2009 साली तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. प्रतिवादींनी समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावे, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी (सुनावणी पुढे ढकलणे) देऊ नये, असेही आहे. प्रत्यक्षात मुदतीचा अर्ज आला की तो मंजूर होतो आणि पुढची तारीख पडते.

त्यात मोठे मामा वारले. त्यांच्या जागी दाव्यात त्यांचे वारस लावायचे म्हणजे नावे-पत्ते शोधा, अर्ज करा, दावा दुरुस्त करा, पुन्हा समन्स काढा. सुरतला दिलेल्या मामेबहिणीचे समन्स ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्यानिशी परत आले. तेवढा काळ आईचा पुरावा थांबला. पुढे तिचे सरतपासाचे शपथपत्र, म्हणजे तिची स्वतःची लेखी साक्ष, दाखल झाले, पण उलटतपासाला समोरचे वकील कधी दुसऱ्या कोर्टात, कधी आजारी. उलटतपास व्हायच्या आतच आई गेली. त्या शपथपत्राला आता फारसे वजन राहणार नाही, असे आमचे वकील सांगतात. आजोबांच्या हयातीत घरात काय ठरले, हे आईने स्वतः पाहिले होते. आम्ही बहिणींनी ते फक्त ऐकले आहे.

न्यायाधीश कमी आहेत, हे मान्य. दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितले; आज त्याच्या निम्मेही नाहीत. पण वृद्धांची साक्ष लवकर घ्यायला नव्या पदांची वाट पाहावी लागत नाही. पुरेसे कारण असेल तर दावा दाखल झाल्यानंतर केव्हाही साक्षीदाराची साक्ष ताबडतोब घेता येते. तशी तरतूद संहितेच्या आदेश 18, नियम 16 मध्ये आहे. आजारी माणसाची साक्ष न्यायालयाने नेमलेला कोर्ट कमिशनरही घरी येऊन नोंदवू शकतो. मात्र त्यासाठी सहसा अर्ज करावा लागतो, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला हे सांगणार कोण? पक्षकार सत्तरीच्या पुढचा असेल तर साक्ष लवकर नोंदवायची का, हे न्यायालयानेच विचारावे, असे परिपत्रक उच्च न्यायालयाने काढावे.

आमच्या दाव्यात धाकटे मामा ऐंशी पार आहेत. ते आमच्या विरोधात आहेत, तरीही त्यांची साक्ष लवकर व्हावी असे मला मनापासून वाटते. आजोबांनी तोंडी वाटणी केली होती की नाही, हे सांगणारे आता तेवढेच उरले आहेत.

– वादीची मुलगी, जि. सातारा