गोष्टीतल्या कुत्र्याची बाजू घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका, असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून ते टाळतो. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे होते.

मुलं, त्यांची मैत्री आणि वाचवून आणलेला कुत्रा एवढं जमलं की कुमार कादंबरी उभी राहते, असा बऱ्याच लेखकांचा समज असतो. ८ ते १२ वर्षांच्या वाचकासाठी ३०-४० हजार शब्द, गोड शेवट, झालं. आमच्याकडे संपादनाला येणाऱ्या हस्तलिखितांत मुलं बहुधा खरी असतात; कुत्रा मात्र लेखकाला हवं तेव्हा शेपूट हलवणारा. दिवसभर शेल्टरमधली जनावरं सांभाळून तुम्ही ही हस्तलिखितं वाचता आणि एकेका वाक्यापाशी अडून बसता. त्या अडून बसण्याचा फायदा किती झाला, ते सांगतो.

पहिला फायदा काळाचा. पहिल्या प्रकरणात कुत्रा सापडतो, दुसऱ्यात त्याचं नाव ठेवतात, तिसऱ्यात तो मुलीच्या पायाशी झोपतो. तुमचा शेरा ठरलेला: ‘हा अजून पलंगाखालीच आहे.’ मग तुमचा तीनाचा हिशेब. पहिले ३ दिवस भेदरलेले, कदाचित खाणंपिणंही नाही; साधारण ३ आठवड्यांत घराची वेळापत्रकं कळू लागतात; घर आपलं वाटायला ३ महिने. हा नियम नाही, अंदाज आहे, कुणाला वर्षही लागतं, हेही तुम्हीच लिहिता. पण एवढ्या अंदाजाने कादंबरीची बांधणीच बदलते. हातातून खाण्याचा प्रसंग आठव्या प्रकरणात सरकतो. मग मधल्या प्रकरणांत मुलांनी करायचं काय? तर बसायचं. दोन मित्र पलंगाशेजारी फरशीवर, कुत्र्याकडे न बघता, हळू आवाजात काहीबाही बोलत बसतात. घरातली भांडणं, वर्गातला अपमान, एरवी एकमेकांना सांगणार नाहीत अशा गोष्टी तिथे निघतात. मैत्री मुरायला लेखकाला वेगळी जागा शोधावी लागत नाही. खरं सांगायचं तर हे आम्हा संपादकांनी सुचवायला हवं होतं.

मिठीचे प्रसंग तर तुम्ही ओळीओळीने उसवता. एका मसुद्यात मुलगी नव्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकते आणि तो ‘जांभई देऊन तिच्या कुशीत विसावतो’. तुम्ही जांभईखाली रेघ मारलीत. ती झोपेची नाही, ताणाची आहे. सोबत अंग ताठ, तोंड वळवलेलं, जिभल्या चाटणं आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसणं हे सगळं एका वेळी असेल, तर पुढची पायरी गुरगुरण्याची. सुधारलेल्या प्रसंगात मुलगी कुत्र्याकडे तोंड न करता बाजूला वळून बसते, खाऊ आपल्यापासून लांब टाकते, कुत्र्याला निघून जायची वाट मोकळी ठेवते. तो आपणहून जवळ आला की छातीवर पाचेक सेकंद खाजवते आणि हात काढून घेते. त्याने अंग टेकवलं तर पुन्हा. नाही तर आजचं तेवढंच. हात काढून घेतल्यानंतरचे ते दोन क्षण वाचताना श्वास रोखला जातो. मिठीत ते नव्हतं.

उपाशी कुत्र्यासमोर भरलेली ताटली ठेवणं हाही लाडका प्रसंग. बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फरससारख्या क्षारांचं प्रमाण झपाट्याने घसरतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढंच, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. ताटली चाटूनपुसून वर बघणाऱ्या कुत्र्याला ‘आता नाही’ म्हणणारा दहा वर्षांचा मुलगा पानावर कितीतरी जड पडतो.

बारीकसारीक दुरुस्त्यांची तर गणतीच नाही. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, ती स्कॅनर जवळ नेल्यावर फक्त क्रमांक दाखवते; फोनच्या नकाशावर पळणारा ठिपका तिच्यातून निघत नाही. (एका कथानकाचा कळसच यात गेला. लेखक आठवडाभर आमच्याशी बोलत नव्हते.) हिरवळीवरचा लाल चेंडू कुत्र्याला ठसठशीत दिसत नाही, म्हणून कुत्र्याच्या नजरेतून लिहिलेल्या प्रकरणात तो निळा झाला. दुधाचे दात पडत असलेलं पिल्लू ‘महिन्याचं’ नसतं, चार ते सहा महिन्यांचं असतं.

पण सगळ्यात मोठं ऋण चावण्याच्या प्रसंगाचं. घाबरलेला कुत्रा चावतो, आणि मोठी माणसं त्याला घालवून देतील म्हणून मुलं ती जखम लपवतात. ‘आपलं गुपित’ म्हणून मैत्री घट्ट. हे कथानक इतकं सोयीचं आहे की दर दोन-चार हस्तलिखितांमागे एकात येतं. इथे तुम्ही पेन्सिल बाजूला ठेवून लाल पेन घेता. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. चावल्यावर वेळेत उपचार आणि लस मिळाली तर तो टळतो. त्यामुळे चावा लपवणाऱ्या मुलाला शाबासकी देणारी गोष्ट मुलांच्या हाती जाता कामा नये, या मुद्द्यावर तुम्ही तसूभरही हलला नाहीत. शिवाय पर्यायही दिलात. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धुवायची, त्याच वेळी मोठ्यांना सांगायचं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. लस लगेच सुरू, आणि कुत्रा निरोगी दिसत असेल तर १० दिवस नजरेखाली. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर तेवढ्या अवधीत तो आजारी पडतोच. आता हे १० दिवस घ्या. ज्याला चावला तो मित्र येईनासा झालाय, त्याच्या आईने दार लावून घेतलंय, दुसरा रोज सकाळी कुत्रा पाणी पितो की नाही ते वहीत टिपतोय. लपवाछपवीत असतं त्याहून जास्त नाट्य इथे आयतं हाती येतं, आणि कुणाचा जीवही टांगणीला लावावा लागत नाही.

भांडण मिटवायला कुत्र्याला गाडीखाली घालणं किंवा नदीत ढकलणं, यावरची तुमची चीड रास्त आहे. ‘मुलांनी भांडण केलंय, मुलांनी मिटवावं.’ तुम्ही सुचवलेलं औषधाचं प्रकरण आता एका पुस्तकात आहे: दुसऱ्याने गोळी दिली नसेल असं समजून दोघंही देतात, दुप्पट डोस जातो, डॉक्टरांना फोन करावा लागतो. मग भिंतीवर एकच कागद, गोळी दिली की लगेच खूण आणि नावाचं अक्षर. समेट त्या कागदावर होतो.

एका बाबतीत मात्र आपलं जमत नाही. नसबंदीचा उल्लेख हवा हे कबूल. पण त्यासाठी दोन पानांचं संभाषण घातलं की पुस्तकाचं माहितीपत्रक होतं. कुत्र्याच्या गळ्यात शस्त्रक्रियेनंतरचा प्लास्टिकचा शंकू आणि तो दाराला आपटून होणारी मुलांची करमणूक, एवढ्यात वाचकाला कळतं. यावर तुम्ही पुन्हा लिहालच.

पुढच्या हस्तलिखितात तीन पायांची कुत्री आहे, पुढचा डावा पाय नाही, आणि दुसऱ्या प्रकरणात तिला जिना उतरायचा आहे. उतरताना तिचा भार कुठे येईल आणि मुलांनी आधार कुठे द्यायचा, तेवढं लेखिका लिहायला बसण्याआधी कळवाल का?

मनापासून आभार.

तुमचे,
मुलांची पुस्तकं संपादित करणारे आम्ही