खोक्यावर एवढं तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऍडमिशनचा सिझन सुरू झालाय, घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतोय, आणि सगळ्यांनाच काही पन्नास-साठ हजाराचा नवीन घेणं परवडत नाही, मग ताईचा नाहीतर काकाचा जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर निघतो आणि तो पिशवीत घालून आपण दुकानात जातो की याचं ग्राफिक कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) आणि रॅम (चालू कामासाठीची मेमरी) तेवढी वाढवून द्या. गेल्या पावसाळ्यात मी हेच केलं. त्यात जे झालं ते इतर पालकांना कळावं म्हणून लिहितोय, आणि लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापावं याची एक मागणी पण आहे.

मुलगा इंटेरिअरचा डिप्लोमा करतोय. लॅपटॉप थोरल्या मुलीचा, 2014 सालचा, आय5 4210यू प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि एनव्हीडियाचं 820एम कार्ड. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर कसंबसं चालायचं पण स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधी खोली जरी फिरवायची म्हटली तरी स्क्रीन अडकायची. दुकानदार म्हणाला ग्राफिक कार्ड नवीन टाकतो, रॅम 16 करतो, बारा हजार होतील, तीन हजार ऍडव्हान्स द्या. मी दिले. बिल मागितलं तर म्हणे काम झाल्यावर एकदमच देतो. पाच दिवसांनी फोन आला, कार्ड टाकताना मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला, जुना माल आहे, नवीन बोर्डाचे चौदा हजार पडतील. मी लॅपटॉप तसाच घरी आणला. बटण दाबलं की लाइट लागायची, पंखा फिरायचा आणि स्क्रीन काळी ती काळीच. पोराचं तोंड एवढंसं झालं होतं.

मग ओळखीतून एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी आधीच सांगितलं, समोर बसा, तुमच्यासमोर उघडतो. खालचे सगळे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, झाकण उचललं, पंख्याच्या जाळीत फेल्टच्या कापडासारखा धुळीचा थर बसलेला, तो ब्रशने काढला, मग प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी उचलून मला भिंगातून दाखवलं. प्रोसेसरच्या शेजारी अजून एक चौकोन, पेस्ट पुसल्यावर मधोमध आरशासारखा चकचकीत. म्हणाले हे तुमचं ग्राफिक कार्ड. कार्ड म्हणतात पण कार्ड नाहीच ते, चिप आहे, आणि तिच्या खाली मोहरीपेक्षा बारीक असे सोल्डरचे शेकडो मणी आहेत, त्यांनी ती बोर्डाला कायमची डाखलेली आहे. ती काढून जास्त ताकदीची दुसरी बसवायची असं होत नाही, कारण बोर्डावरची वीज, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर), ती तांब्याची नळी, सगळं त्याच चिपच्या मापाने केलेलं असतं. मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. चिपवरची पेस्ट, जी उष्णता नळीकडे पोचवते, ती कंपनीतून आली तशी सुकून खडखडीत झालेली होती, म्हणजे आधीच्या दुकानात तिला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

मग स्क्रीन काळी का? तर रॅम. दुकानात टाकलेली पट्टी त्यांनी काढली आणि स्टिकर दाखवला, त्यावर पीसी3 लिहिलेलं. आमची मूळ पट्टी होती पीसी3एल. हा एल म्हणजे लो व्होल्टेज, 1.35 व्होल्टवर चालणारी, आणि साधी पीसी3, म्हणजे साधी डीडीआर3 जातीची रॅम, तिला लागतात 1.5 व्होल्ट. दोन्हींना पिना 204 च, खाच पण एकाच जागी, त्यामुळे चुकीची पट्टी आत अगदी बेमालूम बसते, पण आमच्या प्रोसेसरसारखे चौथ्या पिढीचे यू वाले इंटेल फक्त एल वालीच घेतात. त्यांनी जुनी पट्टी तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवली, खाली दाबली, दोन्ही बाजूच्या क्लिपा कट्ट करून बसल्या, बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू! चौदा हजाराचा मदरबोर्ड लागणार होता म्हणे. एका अक्षराचा फरक होता हो.

नंतर माझा भाचा मुंबईला असतो, त्याने तिथल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पीसी3एल वाल्या 8 जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या आणल्या. दोन सारख्या का, तर दोन्ही स्लॉट भरले की मेमरी दोन चॅनेलने चालते आणि प्रोसेसरच्या आतलं जे इंटेलचं ग्राफिक असतं ते हीच रॅम वापरतं, म्हणून त्यालाही थोडा जोर मिळतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकली, पेस्ट नवीन लावली, मजुरीसकट सव्वाचार हजारात सगळं झालं. पूर्वी चालू व्हायला तीन-साडेतीन मिनिटं लागायची, आता अर्ध्या मिनिटाच्या आत होतो. खरं सांगायचं तर ग्राफिक आहे तेवढंच राहिलं, या 820एम ला कंपनीने नवीन गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) 2018 मध्येच बंद केलेत, त्यामुळे जड रेंडरिंग (डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र तयार करणं) पोरगा कॉलेजच्या लॅबमध्ये करतो. पण ड्रॉइंगचं रोजचं काम घरी सुटसुटीत होतंय आणि पैसेही वाचले.

आता हे सगळ्यांच्याच लॅपटॉपला लागू होतं असं नाही. डेलचे प्रिसिजन, एचपीचे एलिटबुकमधले डब्ल्यू वाले असे काही जुने जाडजूड, जड कामासाठीचे वर्कस्टेशन लॅपटॉप सेकंडहँड बाजारात मिळतात, त्यांच्यात एमएक्सएम नावाचं खरोखर सुटं निघणारं कार्ड असायचं, ते बदलता येतं, तरी बायोस ते घेईल का आणि कूलिंग पुरेल का हे बघावंच लागतं. बाकी घरगुती लॅपटॉपमध्ये जवळजवळ सगळीकडे चिप डाखलेलीच. म्हणून कुणी ग्राफिक कार्ड बदलून देतो म्हणालं की पालकांनी आधी एवढंच विचारावं, या मॉडेलमध्ये ते निघतं का, मला उघडून दाखवा.

रॅमचं तर आता त्याहून अवघड झालंय. पूर्वी दोन स्लॉट असायचेच. हल्लीच्या बारीक लॅपटॉपमध्ये रॅमसुद्धा बोर्डावरच डाखलेली येते, कधी सगळी, कधी अर्धी डाखलेली आणि एक स्लॉट रिकामा, आणि दुकानात आपल्याला सांगतात फक्त 8 जीबी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स आणि मेमरीवर गेलं की स्लॉट किती भरलेत ते दिसतं, खाली फॉर्म फॅक्टर लिहिलेला असतो, तिथे एसओडिम आलं तर पट्टी सुटी आहे आणि रो ऑफ चिप्स आलं तर डाखलेली. पण हे कधी कळणार, तर पैसे देऊन लॅपटॉप घरी आल्यावर! आज 8 जीबी पुरतात म्हणून घेतला आणि तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर जड झालं की रॅम वाढवायला जागाच नाही, म्हणजे पूर्ण लॅपटॉपच बदला. कर्ज काढून लॅपटॉप घेणाऱ्या घरांचं काय होत असेल त्यात, विचार करा. त्यात 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळलाय, त्यामुळे मागून वाढवू म्हणणंही सोपं राहिलेलं नाही.

माझी मागणी साधी आहे. खोक्यावर एमआरपी छापतात, माल बनवल्याचा महिना छापतात, कस्टमर केअरचा पत्ता छापतात, कायदाच आहे तसा. त्याच स्टिकरवर अजून काही ओळी छापा. रॅम डाखलेली आहे की सुटी, स्लॉट किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते. ग्राफिक वेगळं आहे की प्रोसेसरच्या आतलंच, रॅम वापरणारं आहे, आणि वेगळं असेल तर बदलता येतं का नाही. आणि हे मराठीत पण छापा. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीला किती सोपा याचे दहापैकी मार्क लिहावे लागतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक विभागाने 24 डिसेंबर 2022 ला राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, असेच मार्क आपल्याकडे कसे द्यायचे यावर नेमलेल्या समितीने 2025 मध्ये अहवाल पण दिला, पण मी गेल्या महिन्यात दोन मोठ्या दुकानांत जाऊन खोकी उलटीपालटी करून बघितली, असे मार्क कुठेच सापडले नाहीत.

आणि दुकानदारांना पण हात जोडून सांगणं आहे, लॅपटॉप गिऱ्हाइकासमोर उघडा, ऍडव्हान्सची सुद्धा पावती द्या, काढलेला पार्ट परत हातात द्या. सगळेच फसवतात असं मी अजिबात म्हणत नाही, त्या कारागिरांनी माझ्याकडून तपासणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. माझे तीन हजार मात्र गेलेच, पावती नव्हती म्हणून पुढे तक्रार करायची हिंमत झाली नाही, करायला हवी होती. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तो तरी लोकांनी लक्षात ठेवावा.

अजून एक राहिलं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आमच्यासारख्या चौथ्या पिढीला कितीही रॅम टाकली तरी ते अधिकृतपणे चालत नाही. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, आम्ही नोंदवलंय. जुन्या लॅपटॉपवर खर्च करायच्या आधी प्रत्येकाने हे बघून घ्यावं, दुकानदारानेही सांगावं.

आमची मूळ 4 जीबीची पट्टी अजून घरात आहे, चालू कंडिशनमध्ये, वर पीसी3एल लिहिलेलं आहे. शिकणाऱ्या कुणा मुलाच्या किंवा मुलीच्या लॅपटॉपला ती चालत असेल तर मी तशीच देऊन टाकेन, माझा पत्ता तुमच्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला,
एक पालक, कराड