रात्रीच्या सांगलीत सर्वांना समान प्रवेश हवा

महोदय,

मद्य पुरवणारी ठिकाणे वगळून राज्यातील दुकाने, हॉटेल्स आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवता येतील, असा शासन निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाला. त्यावरची चर्चा मुख्यतः व्यापार, रोजगार आणि पोलीस बंदोबस्त यांभोवती फिरली. आपल्याकडेही विश्रामबाग परिसरात आणि सांगली-मिरज रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, दांडिया आणि ३१ डिसेंबरचे कार्यक्रम तिकीट लावून होतात. मात्र या ठिकाणी दारातून कोणाला आत सोडले जाते आणि कोणाला परत पाठवले जाते, हे कोणी विचारत नाही.

‘प्रवेशाचे हक्क राखीव’ अशी पाटी लावली की कोणालाही कारण न सांगता नाकारता येते, असा अनेक व्यवस्थापकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेल्स आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांतील प्रवेशाबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून असा प्रवेश नाकारणे हा तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार गुन्हाच आहे. ‘जागा माझी, मर्जी माझी’ हा युक्तिवाद घराच्या दिवाणखान्यात चालेल, लोकांसाठी उघडलेल्या हॉटेलात नाही.

प्रत्यक्षात नकार उघडपणे दिला जात नाही, म्हणून तो सिद्ध करणे अवघड जाते. माझ्या परिचयातील एक तृतीयपंथी व्यक्ती वाढदिवसानिमित्त दोन मैत्रिणींसह जेवायला गेली असता, समोर रिकामी टेबले दिसत असूनही ‘सगळी टेबले बुक आहेत’ असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. मैत्रिणींनी आग्रह धरल्यावर व्यवस्थापक म्हणाला, ‘आमच्याकडे फॅमिली येतात, मॅडम.’ या एका वाक्याने समोरच्या माणसाला कुटुंबव्यवस्थेच्याच बाहेर काढले, याची त्याला जाणीवही नसावी. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ ने जनतेसाठी खुल्या असलेल्या सेवांमध्ये असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि सार्वजनिक जागेचा वापर नाकारणाऱ्यास किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. ज्या सांगलीत ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून वंचित घटकांच्या हक्कांसाठी काम करते आहे, तेथे हे घडावे याचे मला अतिशय वाईट वाटते.

हॉटेलचालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मद्यपान केलेल्या तरुणांच्या टोळक्यांमुळे महिलांना त्रास होतो, ही भीती खरी आहे, आणि त्यातूनच ‘फक्त जोडप्यांना प्रवेश’ हा नियम पुढे येतो. परंतु या नियमाने त्रास देणारा माणूस सोबत मुलगी असली की आत येतो, तर परगावाहून नोकरीसाठी आलेला एकटा, सभ्य मुलगा बाहेर राहतो. दोन मैत्रिणी, एकटी महिला किंवा समलिंगी जोडपे यांचे काय करायचे, हे दारावरच्या सुरक्षारक्षकालाच माहीत नसते, आणि मग तो कपडे, बोलण्याची ढब आणि गाडी पाहून स्वतःच न्याय करतो. महिलांच्या सुरक्षिततेची हमी द्यायची तर आत पुरेसे कर्मचारी, त्यांत महिलाही, नेमाव्या लागतील आणि गैरवर्तन करणाऱ्याला, तो कोणीही असो, बाहेर काढावे लागेल. मद्य दिले जाते अशा ठिकाणी महिलांना नोकरी करण्यास बंदी घालणारी पंजाब अबकारी कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात रद्द केली, तेव्हाही संरक्षणाच्या नावाखाली महिलांचे स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, हीच भूमिका घेतली होती.

ओळखपत्र तपासण्याबद्दलही स्पष्टता हवी. बिअरसाठी २१ आणि विदेशी मद्यासाठी २५ वर्षांची अट असल्यामुळे परमिट रूममध्ये जन्मतारीख पाहणे योग्यच आहे. दांडियाच्या प्रवेशद्वारावर आधार कार्डावरचे नाव आणि आडनाव वाचून कोणाला सोडायचे हे ठरवणे, हा मात्र सरळसरळ धर्म आणि जात पाहण्याचा प्रकार आहे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला तर कोणी नाही म्हणत नाही. दारातल्या तीन-चार पायऱ्याच ते काम करतात.

आपल्या भागाला रात्रीचे जागरण नवे नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होतात, तेव्हा आवारात येऊन बसलेल्या श्रोत्याला कोणी आडनाव विचारत नाही, की सोबत कोण आहे हेही विचारत नाही. जुने सगळेच असे उदार होते असा माझा दावा नाही. जत्रेतल्या तमाशाच्या तंबूत बायकांना प्रेक्षक म्हणून जागा नव्हती. म्हणूनच नव्या ठिकाणांनी यांपैकी कोणता वारसा चालवायचा, हे आताच ठरवले पाहिजे.

हॉटेलमालकांच्या संघटनेने प्रवेशाचे नियम लेखी करून दर्शनी भागात लावावेत, कोणाला नाकारल्यास कारण नोंदवावे आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींकडून प्रशिक्षणाची खात्री करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आणि पोलीस प्रशासन यांनीही तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमांना परवानगी देताना समान प्रवेशाची अट लेखी घालावी आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक प्रवेशद्वारावर लावणे बंधनकारक करावे. येत्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमांसाठी येणाऱ्या अर्जांपासूनच ही अट लागू करता येईल.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली